मंडळाची यादी व बायकांची वही

गेल्या पावसाळ्यांत आमच्या उल्हासनगरांत, कॅम्प ४ मधील एका छोटेखानी सभागृहांत, आपत्ति आणि समाज ह्या विषयावर एक व्याख्यान झालें. व्याख्याते सुविद्य, सरकारी नोकरींतून सन्मानानें निवृत्त झालेले, आणि प्रस्तुत लेखकाचे जुने स्नेही. त्यांचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. कारण जें मत त्यांनीं मांडलें तें त्यांचें एकट्याचें नसून आपल्या सुशिक्षित वर्गापैकीं पुष्कळांचें आहे. तें मत असें : गांवाकडे पूर आला, दरड कोसळली, कीं शहरांत राहणाऱ्या बायका लगबगीनें वर्गणी गोळा करूं लागतात, ही गोष्ट त्यांच्या कोमल अंतःकरणास शोभणारी आहे, परंतु मदत हें एक शास्त्र आहे, तें जाणणाऱ्यांच्या हातीं पैसा व माल सुपूर्द करून बायकांनीं बाजूस व्हावें, ह्यांतच सर्वांचें हित. सभेंत टाळ्या पडल्या. बायकांनींही वाजविल्या. त्या टाळ्या ऐकून मला जी चीड आली तींतून हा लेख जन्मला आहे, हें आरंभींच कबूल करितों.

ज्यांस उल्हासनगर केवळ रेल्वेच्या खिडकींतून माहीत आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणच्या पुढें लष्करानें बरॅकी बांधल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित, लाखाच्या आसपास, त्या बरॅकींत उतरविण्यांत आले; आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ति राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें ह्या छावणीच्या नव्या नगराची कोनशिला बसून त्यास उल्हास नदीचें नांव मिळालें. छावणी गेली, पण कॅम्प हा शब्द आमच्या पत्त्यांत राहिला तो राहिलाच. चार नंबरच्या कॅम्पांत सिंधी आहेत, तसेच मराठा सेक्शनांत घाटावरचे व कोकणांतले लोक आहेत, सुभाष टेकडीवर बौद्ध वस्ती आहे, आणि आतां उत्तरेकडूनही माणसें येऊन राहिलीं आहेत. सांगावयाचें तें एवढेंच कीं, येथला प्रत्येक जण कोठून तरी आलेला आहे. परदेशीं गेलेल्या मराठी कुटुंबांविषयीं आपण पुष्कळ लिहितों, त्यांच्या अधिवेशनांचे वृत्तान्त छापतों. परंतु महाड सोडून विठ्ठलवाडी स्टेशनाजवळच्या खोलींत पन्नास वर्षें काढलेली बाई हीही देशांतर केलेलीच आहे, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. तिचें देशांतर तर दुहेरी असतें. लग्न होऊन ती माहेरचें गांव सोडते, आणि नवऱ्याच्या चाकरीपायीं सासरचेंही. म्हणून पुरुषाला एका गांवाची बातमी लागते, तेथें तिला दोन गांवांची लागते; आणि तिच्या बहिणी व नणंदा जेथें दिल्या असतील तीं गांवें वेगळींच.

आतां कोकणच्या माणसाची एक संस्था आहे. ती म्हणजे ग्रामस्थ मंडळ. मुंबईच्या गिरणगांवांत ही संस्था जन्मली व गिरण्या बंद पडल्यावर चाकरमान्यांबरोबर दिवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, बदलापूर अशी रेल्वेच्या कडेकडेनें सरकत आली. ह्या मंडळांनीं गांवची देवळें बांधलीं, शाळेवर पत्रे घातले, मयतासाठीं रात्रींतून गाडी करून दिली. त्यांचा उपमर्द करण्याची माझी इच्छा नाहीं. मी स्वतः महाड तालुक्यांतला असून अशाच एका मंडळाचा तीस वर्षें सभासद आहें. परंतु त्या मंडळाच्या घटनेंत सभासद ह्या शब्दाची व्याख्या कुटुंबप्रमुख अशी आहे, व कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष हें कोणीं लिहून ठेवण्याचीही गरज भासलेली नाहीं. बायकांसाठीं महिला शाखा आहे. तिनें हळदीकुंकू करावें, सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ढवळावा, आणि आपत्ति आली असतां दारोदार जाऊन वर्गणी आणावी. ती कोठें, कशी, कोणास पोंचवावयाची तें मंडळ ठरवील.

हा श्रमविभाग किती पोकळ आहे तें मला प्रथम २००५ सालीं दिसावयास हवें होतें, दिसलें नाहीं. त्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला ही गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. त्याच पावसांत आमची वालधुनी, जी एरवीं कारखान्यांच्या सांडपाण्यानें रंग बदलीत वाहते आणि जिला नदी म्हणावयास परक्या माणसाची जीभ धजत नाहीं, ती घरांघरांत शिरली. आणि त्याच दिवसांत महाड तालुक्यांत जुई, दासगांव, रोहन, कोंडिवते येथें डोंगर खचून शंभराहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. इकडे खोलींत कंबरभर पाणी आणि तिकडे माहेर मातीखालीं, अशा स्थितींत आमच्या चाळींतील कांहीं बायकांनीं एक वही घातली. साधी दोनशें पानी वही. तींत कोणाचें कोण गेलें, कोण कोठें निवाऱ्याला आहे, कोणास काय पाहिजे, हें लिहूं लागल्या. मी त्यावेळीं माझीं भिजलेलीं पुस्तकें वाळवीत होतों.

त्या वहीची खरी ओळख मला २०२१ च्या जुलैंत झाली. त्या २२ व २३ तारखांस महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९० मिलीमीटरांहून अधिक पाऊस झाला. सावित्री तेथेंच उगम पावते व महाडास येते. वर पडलेलें पाणी खालीं बाजारपेठेंत पहिल्या मजल्याला लागलें. तिकडे वाशिष्ठीनें चिपळूण बुडविलें. आणि तळिये ह्या गांवावर दरड येऊन ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. करोनाचे दिवस, लोकल गाड्या सामान्य उतारूंस बंद, फोनचे मनोरे गांवाकडे मुके झालेले. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनीं तातडीची सभा बोलाविली, तींत दुःखाचा ठराव झाला, व वस्तुस्थिति समजेपर्यंत थांबावें असें ठरलें. बायका थांबल्या नाहींत. महाडचा फोन लागत नसला तर माणगांवची नणंद लागते, ती न लागली तर पोलादपूरकडची मावसबहीण लागते; तिचा मुलगा मोटारसायकलनें जिथवर रस्ता आहे तिथवर जातो. दोन दिवसांत वहीचीं अकरा पानें भरलीं. व्हॉट्सॲप आहे म्हणून हें झालें असें कोणी म्हणेल. व्हॉट्सॲप पदाधिकाऱ्यांपाशींही होतें. त्यावर ठराव फिरत होता.

ही वही ठेवणारी बाई जीन्सच्या विजारींचे धागे कापण्याचें काम घरीं आणते. डझनावर पैसे मिळतात. शिक्षण सातवी. सगळी चाळ तिला काकी म्हणते, मीही म्हणतों. मी तिच्या दारीं माझे दोन जुने कोट व पत्नीच्या कांहीं साड्या घेऊन गेलों तेव्हां तिनें पिशवींत हात घालून पाहिलें आणि म्हणाली, "सर, चिखल उपसायला कोट घालून कोण जाणार? रागावूं नका, पण त्यापेक्षां दोन घमेलीं नि एक फावडें द्या." मी रागावलों नाहीं असें म्हणणें खोटें होईल. इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक करुणेवर दोन तास बोलूं शकतो. त्याची करुणा पिशवीसकट परत केली जाते हा अनुभव त्यास नवा असतो. परंतु पूर ओसरल्यावर घरांत काय राहतें तें तिला ठाऊक होतें, मला नव्हतें. मांडीएवढा गाळ राहतो. तो उपसावयास घमेलें, झाडू, बादली, ब्लीचिंग पावडर लागते. त्या गाळांत अनवाणी उतरल्यास लेप्टोस्पायरोसिस होण्याची भीति, म्हणून गमबूट लागतात. चार दिवस अंगावर ओलें असलेल्या बाईला आंतले कपडे व पाळीसाठीं पॅड लागतात, आणि ही वस्तु पुरुषांच्या सभेंत कोणी उच्चारणार नाहीं. वहींत ती पहिल्या पानावर होती.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. मंडळाची यादी घरांची होती. घरपट्टी ज्याच्या नांवें तो लाभार्थी. एका घरास एक शिधा. बायकांची यादी चुलींची होती. एका पत्र्याखालीं तीन भाऊ वेगळे झालेले असतात, तीन चुली पेटतात. मंडळाच्या लेखीं तें घर एक. नवऱ्यानें टाकलेली बहीण भावाच्या पडवींत दगड मांडून वेगळें शिजविते. तिचें नांव कोणत्याच उताऱ्यावर नाहीं. विधवा आत्या, शेतावर राहणारें कूळ, बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली मुलगी, जिचा शिधा सासरच्या गांवीं मोजला जातो आणि पोट मात्र येथें असतें. हीं माणसें कागदावर नाहींत, पण बायकांच्या बोलण्यांत रोज आहेत. ज्याला आपण कुचाळकी म्हणून हसतों, कोण कोणापाशीं जेवते, कोणाची चूल वेगळी झाली, कोणीं कोणाला घराबाहेर काढलें, ती कुचाळकी पुराच्या दुसऱ्या दिवशीं जनगणनेहून अधिक विश्वसनीय ठरते. माझ्या शास्त्रज्ञ मित्रांनीं ह्याचा विचार करावा.

आमच्या शेजारीं एक वृद्ध सिंधी बाई राहत. आम्ही त्यांस दादी म्हणत असूं. सिंधींत दादी म्हणजे थोरली बहीण. त्या आठ वर्षांच्या असतांना आईचा हात धरून बरॅकींत आल्या होत्या. महाडशीं त्यांचा काय संबंध? तरी तिसऱ्या दिवशीं त्या काठी टेकीत काकीकडे आल्या. सिंधी घरचे पापड ही आमच्या गांवची ख्याति आहे, आणि कोणीं तरी पापडांची गोष्ट काढली. त्यावर दादींनींच हात उडवून विचारलें कीं ते भाजणार कशावर? मग त्यांनीं जें सांगितलें तें मी विसरलों नाहीं. छावणींत दाते येत, घोंगड्या देत, पीठ देत. परंतु पीठ चाळावयास चाळणी व मळावयास परात कोणीं दिली नाहीं, आणि त्यांच्या आईनें कित्येक दिवस तें पीठ एका पत्र्याच्या डब्याच्या झांकणांत मळलें. म्हणून त्यांनीं आपल्या गल्लींतील बायकांकडून परात, तवा, काड्यापेट्या व मेणबत्त्या असा एकेक संच करविला. त्या बायकांपैकीं एकीनेंही कोकण पाहिलेलें नव्हतें. ह्या व्यवहारास कोमल अंतःकरण हें नांव देऊन मोकळें होणें म्हणजे त्यांतील बुद्धीची चोरी करणें आहे.

मी बायकांचा वकील झालों म्हणून त्यांचे दोष झांकणार नाहीं. माहेरची वाट जातीच्या बाहेरून जात नाहीं, हें ह्या जाळ्याचें मोठें व्यंग आहे. पहिल्या अकरा पानांत सर्व चुली आमच्याच भावकीच्या व आसपासच्या होत्या. सुभाष टेकडीवरची एक बाई, जिचें माहेर त्याच खोऱ्यांतलें, ती वही पाहावयास आली, तिनें पानें उलटलीं आणि विचारलें, "आमची वाडी कुठं आहे ह्यांत? आणि कातकऱ्यांची?" क्षणभर कोणी बोललें नाहीं. ज्या महाडांत १९२७ सालीं चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्या महाडचे आम्ही. पाणी घरांत शिरलें तरी यादी आपापल्या आळीनेंच करीत होतों. काकीनें पेन त्या बाईच्या हातीं दिलें. पुढचीं पानें तिच्या अक्षरांत आहेत. हें फार थोर कांहीं झालें असें मी म्हणत नाहीं. पेन देतांना चेहरे कसे होते तें मीं पाहिलें आहे. परंतु वहींत नवीं पानें जोडतां येतात. मंडळाच्या यादींत जोडतां येत नाहींत, कारण ती सभासदांची यादी आहे व सभासद एकाच गांवकीचे आहेत.

आणि मग मंडळ जागें झालें. माल गोळा झालेला पाहून असा ठराव आला कीं, सर्व साहित्य मंडळाच्या वतीनेंच रवाना व्हावें. बायकांनीं तें मुकाट्यानें स्वाधीन केलें. ट्रक भरला, त्यास फलक लागावयाचा होता, तो छापून येईतों एक दिवस गेला, झेंडा दाखविणाऱ्या पाहुण्यांस सवड नव्हती म्हणून आणखी एक. महाडांत लोक गाळांत उभे होते आणि घमेलीं आमच्या नाक्यावर उभीं होतीं. छायाचित्र निघालें तें माझ्यापाशीं आहे. त्यांत सोळा पुरुष व एक बाई आहे. ती बाई पाहुण्यांची पत्नी. दुसऱ्या खेपेला बायका शहाण्या झाल्या. त्यांतल्या एकीच्या भावाचा टेम्पो महाडच्या औद्योगिक वसाहतींत माल नेत असे. वसाहत बंद असल्यामुळें तो रिकामा होता. रात्रीं निघाला, पनवेल, वडखळ, माणगांव करीत सकाळीं पोंचला, व पानाबरहुकूम चुलीचुलीस वाटप झालें. ह्याबद्दल मंडळाच्या पुढच्या सभेंत काकीच्या पतीस समज देण्यांत आली. काकीस देतां आली नाहीं. ती सभासद नव्हे.

आतां शास्त्राविषयीं. माझ्या मित्रांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली, तेव्हां हजारावर उतारू, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया, सुखरूप बाहेर काढले ते राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल, नौदल व हवाई दल ह्यांच्या मदतीनें. तें काम वहीनें झालें नसतें, आणि जवळच्या गांवांतील लोक जरी धांवले तरी बोट लागते ती बोटच लागते. पहिल्या दोन दिवसांचें तें शास्त्र मी शिरसावंद्य मानतों. परंतु पुढच्या साठ दिवसांचें शास्त्र कोणतें? घर परत घर होण्याचें जें काम, तें जन्मभर घरच चालविणाऱ्यांस कळत नाहीं आणि निवृत्त अधिकाऱ्यांस कळतें, हा सिद्धान्त कोणत्या ग्रंथांत आहे? कच्छच्या २००१ च्या भूकंपानंतर रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते. ते ढीग संघटित व शास्त्रशुद्ध दातृत्वाचेही होते.

उलट उदाहरण घरचेंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप होऊन सुमारें आठ हजार माणसें गेलीं. त्यानंतर घरदुरुस्तीची व मजबुतीची जी सरकारी योजना आली तींत स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या द्वारें, लातूर व उस्मानाबाद (आजचें धाराशिव) जिल्ह्यांतील शेंकडों खेड्यांत, महिला मंडळांतील स्त्रियांस संवाद सहायक नेमलें. सरकारी पैशाचा हप्ता कधीं येतो, भिंतीस कोणता दगड, बंधणी कशी, हें ह्या बायका शिकल्या, गवंड्यांच्या कामावर नजर ठेवूं लागल्या. आणि २००१ सालीं कच्छांत भूकंप झाला तेव्हां त्यांतल्या बायका तिकडे गेल्या, आपल्यासारख्याच बायकांस आपलें शिकलेलें सांगावयास. भाषा वेगळी, मुलूख वेगळा. केरळांत २०१८ च्या महापुरानंतर कुडुंबश्रीच्या स्त्रिया घरें व शाळा धुवावयास उतरल्या, आणि आपल्या बचतींतून सरकारच्या निधीसही पैसा दिला. ह्या ठिकाणीं बायकांस कोणीं बाजूस व्हा म्हटलें नाहीं. म्हटलें असतें तर गाळ अधिक दिवस राहिला असता, इतकेंच.

राहिला हिशेबाचा आक्षेप, जो सभ्य भाषेंत कुजबुजला जातो : बायकांच्या हातीं पैसा, पावती ना पुरावा! ह्या आक्षेपाला मी संतापानें नव्हे तर आश्चर्यानें उत्तर देतों. १९९२ पासून नाबार्डच्या योजनेनें बचत गट बँकांशीं जोडले गेले. त्या गटांचीं खातीं निवडलेल्या स्त्रियांच्या संयुक्त सह्यांनीं चालतात. आमच्या कॅम्पांतलीच बाई सोमवारीं बँकेंत गटाच्या कर्जाच्या कागदावर सही करते आणि बँक ती मानते. रविवारीं मंडळाच्या सभेंत तिच्या सहीस किंमत नाहीं! भिशीचा एक रुपया चुकला तर चाळींत तीन पिढ्या त्याची आठवण राहते. मंडळाच्या खात्यांतील २०२१ च्या मदतनिधीची शिल्लक किती, हा प्रश्न मीं दोन वार्षिक सभांत विचारला आहे. दोन्ही वेळां चहा आला. वहीच्या शेवटच्या पानावर मात्र जमा, खर्च, टेम्पोचें डिझेल, टोल व उरलेले दोनशें दहा रुपये कोणास दिले तें लिहिलेलें आहे.

कोणी म्हणेल, बायकांनाच हा अधिकार नको आहे. त्यांनीं टाळ्या नाहीं का वाजविल्या? मी काकीस हें विचारलें. तिचें उत्तर थोडक्यांत असें कीं, समोर सासरे, दीर आणि नवऱ्याचे मालक बसले असतां हात आपोआप वाजतात. वर तिनें एवढें जोडलें कीं, तिला खुर्ची नको. चिटणीस व्हायला वेळ कोणाला आहे, धागे कोण कापील? तिला हवें तें इतकेंच : ट्रक कधीं सुटणार तें तिनें ठरवावें. ह्याहून माफक मागणी मीं माझ्या आयुष्यांत ऐकलेली नाहीं, आणि एवढ्यावर इतका कांगावा झालेलाही पाहिलेला नाहीं.

मीं मंडळाकडे लेखी सूचना दिली आहे. सभासदत्व कुटुंबप्रमुखाच्या नांवें न राहतां प्रत्येक सज्ञान व्यक्तीस मिळावें. आपत्तीच्या निधीचें खातें वेगळें असून त्यावर महिला शाखेनें निवडलेल्या दोघींच्या सह्या असाव्यात. आणि वाटप घराप्रमाणें न होतां चुलीप्रमाणें व्हावें, मग ती चूल कोणत्याही वाडींतली असो. चिटणीसांनीं उत्तरीं कळविलें आहे कीं, ह्यासाठीं घटनादुरुस्ती लागेल, तिला दोन तृतीयांश सभासदांची संमति लागेल, व ती धर्मादाय आयुक्तांकडे मंजुरीस जाईल. सभासद कोण तें वर सांगितलेंच आहे. वार्षिक सभा वैशाखांत भरते, आणि पाऊस त्यानंतर महिन्याभरानें. जे वाचक अशा मंडळांचे सभासद आहेत, मग तें मंडळ डोंबिवलीचें असो कीं दूर परदेशांतलें, त्यांनीं आपापल्या घटनेंतील ती व्याख्या एकदां काढून पाहावी. मीं यंदाची वर्गणी मंडळाच्या पावतीपुस्तकावर दिलेली नाहीं, वहीवर दिली. काकीनें आंकडा लिहून घेतला, आणि गेल्या खेपेचें माझें एक फावडें महाडहून परत यावयाचें राहिलें आहे, तेंही पान काढून दाखविलें.